बाळाचा आलेख

फेब्रुवारी २०२५ मधील एका संध्याकाळची गोष्ट. कार्यालयातून निघून, बंगळुरूच्या वाहतुकीतून दीड तास वाट काढीत मी लेकीच्या बेळ्ळंदूर येथील घरी पोहोचले. ती सहा महिन्यांच्या माझ्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. बाळाला ताप आहे का, कुठे पडले-लागले का, असे मी घाबरून विचारले. तिने काही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. बाळाच्या वाढीची नोंद ठेवणाऱ्या कुठल्याशा ॲपवर त्या दिवशीचे वजन भरलेले होते, ६.५ किलो. त्याखाली एका वर्तुळात आकडा होता, १५.

"आई, शंभरांत पंधरा," ती म्हणाली. "म्हणजे नापासच ना?"

मला हसू आले नाही. ज्या पिढीने शाळेपासून नोकरीपर्यंतचा प्रत्येक उंबरठा पर्सेंटाइल मोजून ओलांडला, त्या पिढीला हा आकडा गुणपत्रिकेसारखा वाटला तर नवल ते काय? मी अर्थशास्त्राची एम. ए. आणि केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ तक्ते, निर्देशांक आणि अहवाल यांच्या सहवासात वावरलेली. तेवढ्या भांडवलावर मी तिची समजूत घालू लागले. निकोप परिस्थितीत वाढणाऱ्या सहा महिन्यांच्या १०० मुली वजनाच्या क्रमाने ओळीत उभ्या केल्या, तर आपली चिमुरडी साधारण पंधरावी येईल, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. ओळ म्हटली की कोणीतरी पंधरावे असणारच. तू आणि जावई, दोघेही अंगापिंडाने लहान. तुमची मुलगी ओळीत मागे उभी राहिली म्हणून ती आजारी ठरत नाही.

मग आम्ही जुन्या नोंदी काढल्या. जन्मवजन २.९ किलो, तीन महिन्यांचे ५.२, आणि आता ६.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखात मुलींच्या मधल्या रेषेखाली आणखी एक रेषा असते. तीन महिन्यांना ती ५.२ किलोवर असते आणि सहा महिन्यांना ६.५ किलोवर. माझी नात त्या रेषेवरून, रुळावरून गाडी जावी तशी, चाललेली होती. लेकीचे समाधान झाले.

माझी मात्र त्या रात्री झोप उडाली. असाच एक आलेख २९ वर्षांपूर्वी माझ्यापुढे ठेवला गेला होता, आणि त्याचा अर्थ विचारण्याचे मला तेव्हा सुचले नव्हते.

१९९६ च्या फेब्रुवारीत ही लेक जन्मली, तेव्हा आम्ही महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला त्या काळी ९० दिवसांची प्रसूती रजा मिळत असे. तिला अर्जित रजा जोडून मी पाच महिने घरी काढले. बाळ पूर्णपणे अंगावर पीत होते. गुटगुटीत नव्हते, पण तरतरीत होते. तीन महिन्यांना तिचे वजन ५.५ किलो भरले आणि पाच महिन्यांना ६.५. डॉक्टरांनी आलेखावर दोन ठिपके मांडले. पहिला ठिपका मधल्या रेषेच्या किंचित वर होता, दुसरा तिच्या खाली. "मॅडम, आलेख उतरतो आहे. तुमचे दूध तिला पुरत नाही. वरचे सुरू करा," ते म्हणाले. त्याच संध्याकाळी घरात डबा आणि बाटली आली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आईच्या दुधाचा अभ्यास अवश्य करावा. येथे पुरवठा मागणीच्या मागून चालतो. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी पिते, म्हणून दूध कमी होते. दूध कमी झाले म्हणून बाटली वाढते. तीन आठवड्यांत माझे दूध आटले. जुलै महिना होता. पावसाळा आणि बाटली यांची गाठ पडली की काय होते, हे आपल्याकडच्या कोणत्याही आजीला ठाऊक असते. लेकीला जुलाब लागले आणि तीन दिवस सलाइनवर ठेवावे लागले. हा त्या आलेखाचाच परिणाम होता, असे मी सिद्ध करू शकत नाही. परंतु तसे नव्हते, असेही मला स्वतःला कधी पटवता आलेले नाही.

त्या आलेखाचा पूर्वेतिहास मला पुष्कळ वर्षांनी कळला. १९७७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने बालकांच्या वाढीचे संदर्भ-आलेख तयार केले आणि जागतिक आरोग्य संघटनेने पुढे तेच जगभर वापरण्यासाठी स्वीकारले. त्यांतील पहिल्या तीन वर्षांचे आकडे ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज या लहानशा गावाच्या परिसरातील मुलांचे होते. १९२९ ते १९७५ या काळात तेथील फेल्स संशोधन संस्थेने ते गोळा केले होते. ही मुले एकाच वंशाची, मध्यमवर्गीय घरांतील, आणि बहुतांश बाटलीच्या दुधावर वाढलेली होती.

बाटलीच्या दुधावरचे बाळ आणि अंगावर पिणारे बाळ एकाच चालीने वाढत नाहीत. अंगावरचे बाळ पहिल्या दोन-तीन महिन्यांत भराभर बाळसे धरते आणि मग त्याची गती मंदावते. जुन्या आलेखात मुलीचे मध्यम वजन तीन महिन्यांना ५.४ किलो आणि सहा महिन्यांना ७.२ किलो होते, म्हणजे तीन महिन्यांत १.८ किलोची वाढ. आजच्या आलेखात हेच आकडे ५.८ आणि ७.३ आहेत, म्हणजे वाढ १.५ किलो. वर्षाअखेरीस जुना आलेख ९.५ किलोची अपेक्षा करीत असे, नवा ८.९ ची करतो. सारांश, अंगावर पिणारे धडधाकट मूल जुन्या आलेखावर चौथ्या महिन्यापासून घसरताना दिसे. ते घसरत नसे. ते ज्या पट्टीने मोजले जात होते, ती पट्टी दुसऱ्याच मुलांची होती.

हे ध्यानात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात नवा अभ्यास हाती घेतला. ब्राझीलमधील पेलोतास, घानामधील आक्रा, नॉर्वेतील ऑस्लो, ओमानमधील मस्कत, अमेरिकेतील डेव्हिस आणि आपली दिल्ली, अशी सहा ठिकाणे निवडली गेली. सुमारे ८,५०० मुले मोजली गेली. ज्यांना आईचे दूध मिळते आहे, ज्यांच्या आया धूम्रपान करीत नाहीत, ज्यांच्या घरची परिस्थिती वाढीच्या आड येत नाही, अशीच मुले घेण्यात आली. मुले कशी वाढतात, हा जुना प्रश्न मागे ठेवून मुलांनी कसे वाढायला हवे, हे या अभ्यासाने विचारले. लांबीतील एकूण फरकांपैकी सुमारे ७० टक्के फरक एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला होता. देशादेशांमधला अवघा ३ टक्के. दक्षिण दिल्लीचे सुस्थितीतील मूल ऑस्लोच्या मुलाच्या बरोबरीने वाढले. ही मानके एप्रिल २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडील अंगणवाड्यांत ती त्यानंतर दोन-तीन वर्षांत आली.

या मानकांवर आक्षेप नाहीत असे नाही. अरविंद पानगढिया यांनी २०१३ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमध्ये लेख लिहून, सर्व जगाला एकच पट्टी लावल्याने भारतातील कुपोषण फुगून दिसते, असा मुद्दा मांडला आणि त्यावर बराच वाद रंगला. तो वाद देशाच्या सरासरीविषयी होता. एका बाळाची या महिन्याची नोंद त्याच बाळाच्या गेल्या महिन्याच्या नोंदीशी ताडून पाहायची असेल, तर त्या वादाने फारसे काही बिघडत नाही.

त्या रात्री मी १९९६ चे ते दोन ठिपके नव्या आलेखावर मांडले. तीन महिन्यांना मधली रेषा ५.८, लेक ५.५. पाच महिन्यांना रेषा ६.९, लेक ६.५. पहिला ठिपका रेषेच्या ३०० ग्रॅम खाली, दुसरा ४०० ग्रॅम खाली. लेक मधल्या रेषेच्या जवळजवळ समांतर चालली होती. दूध पुरत होते.

येथपर्यंतचा दोष पट्टीवर टाकता येतो. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले, तेव्हा माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात सुटकेची भावना होती. पुढच्याच सोमवारी मला कामावर रुजू व्हायचे होते. कार्यालयात बाळ नेण्याची सोय नव्हती, दुपारी घरी येण्याची मुभा नव्हती. जो प्रश्न रजेच्या नियमांनी माझ्यापुढे उभा केला होता, तो आलेखाने परस्पर सोडवून टाकला. मी दुसरा प्रश्न विचारला नाही, कारण पहिले उत्तर सोयीचे होते. सेवेतल्या पुढच्या वर्षांत फायलींवरही हे मी अनेकदा होताना पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी ते दुसऱ्याचेच होते असे नाही.

रजेचे नियम पुढे बदलले. ऑक्टोबर १९९७ पासून ९० दिवसांचे १३५ झाले. सप्टेंबर २००८ पासून १८० झाले आणि ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आली. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नको, ही शिफारस जागतिक आरोग्य परिषदेने मे २००१ मध्ये केली होती. म्हणजे सहा महिन्यांचा सल्ला आणि सहा महिन्यांची रजा यांत सात वर्षांचे अंतर पडले, आणि तेही सरकारच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत. खासगी नोकरीतील स्त्रियांना २६ आठवडे मिळाले ते एप्रिल २०१७ पासून. माझ्या लेकीची रजा त्याच फेब्रुवारीत संपत होती. तिच्या डोळ्यांतले पाणी केवळ त्या १५ च्या आकड्याचे नव्हते, हे माझ्या ध्यानात यायला मला रात्र लागली.

असो. तिने कामावर जाणे आणि बाळाने जेवू लागणे एकदमच सुरू झाले. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करावे, ही आपली रीत. त्यामुळे सातवा महिना लागल्यावर मुहूर्त धरला. आजीच्या अधिकारात मी गुटी उगाळून देण्याचा प्रस्ताव मांडून पाहिला; लेकीने तो पहिल्याच वाचनात फेटाळला, आणि तिचेच बरोबर होते. मऊ भात, वरण, वर तुपाची धार, आणि मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीचे सत्त्व, असा आहार ठरला. येथे नाचणीच्या या लापशीला 'रागी सरी' म्हणतात आणि बंगळुरूतील कोणत्याही आजीचा तिच्यावर आपल्याइतकाच भरवसा असतो. त्यामागे शास्त्र आहे. मोड आल्यावर धान्यातील पिष्टाचे विघटन करणारे द्रव्य जागे होते आणि शिजवलेली लापशी घट्ट गोळा होत नाही. त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते, म्हणजे जास्त उष्मांक मावतात.

आहारासोबत लेकीच्या मैत्रिणींच्या गटातील दुसरी स्पर्धा सुरू झाली. कोणाचे बाळ बसले, कोणाचे रांगले, कोणाचे उभे राहिले. येथेही त्याच अभ्यासाने मोठा दिलासा दिला आहे. पाच देशांतील ८१६ मुलांच्या निरीक्षणावरून सहा टप्प्यांसाठी तारखा न देता खिडक्या दिल्या गेल्या. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, हातागुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिने, आधाराशिवाय चालणे ८.२ ते १७.६ महिने. ४.३ टक्के मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती थेट उभी राहिली. आपल्याकडे प्रमिला फाटक यांनी बडोद्यात १९६० च्या दशकातच भारतीय बाळांच्या विकासाच्या टप्प्यांचा अभ्यास केला होता. त्यातून आलेले प्रमाण बालविकास केंद्रांत पुढे दीर्घकाळ वापरले गेले, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असावी. खिडकीला चौकट मात्र असते. नऊ महिने उलटून गेल्यावरही मूल बसत नसेल, आवाजाकडे वळत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर शेजारणीला न विचारता बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

लेक कामावर जाऊ लागली आणि नात दिवसा घरी राहिली, ती दोन बायकांच्या भरवशावर. एक सांभाळणारी मावशी, आणि दुसरी सकाळी सहापासून स्वयंपाक, धुणे-भांडी करणारी एक तरुण स्त्री. ही दुसरी यादगीर जिल्ह्यातून आलेली. तिचाही मुलगा माझ्या नातीच्याच वयाचा, महिन्या-दीड महिन्याने मोठा. तो मोठा चपळ होता. सातव्या महिन्यातच भराभर रांगू लागला होता. माझी लेक कौतुकाने म्हणायची, "तुझा पुढे आहे, आमची मागे." त्यावर ती हसून म्हणायची, "अक्का, आमची मुलं लवकर शिकतात."

एप्रिलमध्ये एका शनिवारी तिने मला विचारले, "अम्मा, आज अंगणवाडीत वजन आहे. कार्डावर काय लिहितात ते मला कळत नाही. याल का?" कर्नाटकात माता-बाल संरक्षणाच्या कार्डाला 'तायी कार्ड' म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आपल्या कानाला मात्र ते ताईचे कार्ड वाटते. ते कार्ड घेऊन आम्ही निघालो. वाटेतल्या उंच इमारतींमागे, पत्र्याच्या वस्तीला लागून एका खोलीत ती अंगणवाडी होती.

कार्डावरचे आकडे असे होते. सहाव्या महिन्यात ७.६ किलो, सातव्यात ७.८, आठव्यात ७.९. त्या दिवशी नववा महिना पूर्ण झाला होता आणि काट्याने पुन्हा ७.९ च दाखवले. मुलग्यांची मधली रेषा सहा महिन्यांना ७.९ किलोवर असते आणि नऊ महिन्यांना ८.९ वर. म्हणजे हे मूल मधल्या रेषेला जवळजवळ टेकलेले होते आणि तीन महिन्यांत तिच्यापासून एक किलोने मागे पडले होते. पण नऊ महिन्यांच्या मुलग्यासाठी धोक्याची रेषा ७.१ किलोवर आहे. त्यामुळे ठिपका अजून हिरव्या पट्ट्यात होता. कार्यकर्तीने मोबाइलमध्ये वजन भरले आणि पडद्यावर हिरवा रंग उमटला. तिची आई समाधानाने म्हणाली, "हिरवा आहे."

त्याच तीन महिन्यांत माझ्या नातीचे वजन ६.५ वरून ७.३ कडे चालले होते. तिच्यासाठी आमच्या घरी रडारड झाली होती. याच्यासाठी कोणाच्याही डोळ्यांत पाणी आले नव्हते, कारण तो रांगत होता, हसत होता आणि हिरवा होता.

मूल दिवसभर काय खाते, हे मी विचारले. आई पहाटे निघे ती दुपारी परते. तोवर तो आठ वर्षांच्या बहिणीजवळ आणि थकलेल्या आजीजवळ असे. सकाळी रागीची पातळ गंजी, मध्ये चहात बुडवलेले बिस्किट, दुपारी आई आली की अंगावर. नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलाला आईच्या दुधाखेरीज सुमारे ३०० उष्मांक वरच्या आहारातून लागतात, तेही दिवसातून तीन-चार वेळा. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर मावते. ती वाटी पाण्याने भरली की पोट भरते आणि मूल भुकेलेले राहते. आणि त्या पातळ गंजीच्या वेळी त्याची आई कोठे होती? माझ्या नातीसाठी घट्ट रागी सरी शिजवीत होती.

तिला रजा कोठून मिळणार? २६ आठवड्यांचा कायदा घरकामाच्या दारापर्यंत येत नाही. मातृवंदना योजनेची मदत पहिल्या अपत्यासाठी मिळते. दुसऱ्यासाठी मुलगी झाली तरच. याचा नंबर दुसरा, आणि हा मुलगा. कर्नाटक सरकारने अलीकडे ग्रामपंचायतींमधून 'कूसिन मने' या नावाने पाळणाघरे सुरू केली आहेत. पण हिचे गाव सुटले आणि ती शहरात आली.

बालकाच्या वजनाचा आलेख घरोघर ठेवण्याची कल्पना रूढ केली ती डेव्हिड मोर्ले या ब्रिटिश डॉक्टरांनी, पश्चिम नायजेरियातील खेड्यांत काम करताना. तो कागद आईजवळ राहावा, असा त्यांचा आग्रह होता. ठिपका कोठे आहे याहून रेषा कोणीकडे चालली आहे हे पाहावे, हाच त्याचा हेतू. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यांपैकी कर्नाटकातील प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूरचा. अंगणवाडीच्या प्रशिक्षणात रेषेची दिशा पाहण्यास शिकवले जाते. पण अहवाल वर जाऊ लागला की त्याचे रकाने होतात. मी पाहिलेल्या मासिक गोषवाऱ्यांत सर्वसाधारण किती, मध्यम किती, तीव्र किती, एवढेच रकाने होते. मधल्या रेषेवरून सुटून खाली येणारे, परंतु अजून हिरव्यात असलेले मूल यांपैकी कोठेच दिसत नाही. ते दिसते तेव्हा पिवळ्यात पोहोचलेले असते, आणि तोवर पहिल्या वर्षाचे तीन-चार महिने निघून गेलेले असतात.

महाराष्ट्राने हा धडा एकदा घेतला होता. २००५ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले, तेव्हा आधी भर होता तो तीव्र कुपोषित मुलांवर. पुढे तो गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांकडे वळला. २०१२ च्या पाहणीत दोन वर्षांखालील खुजेपणा ३९ वरून सुमारे २३ टक्क्यांवर आलेला आढळला आणि त्याची जगभर चर्चा झाली. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील खुजेपणा महाराष्ट्रात ३५.२ टक्के आणि कर्नाटकात ३५.४ टक्के निघाला. त्याच पाहणीत, ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी मुले देशभरात जेमतेम ११ टक्के होती. वाढ चुकते ती बहुधा याच वाटीत.

अंगणवाडीची कार्यकर्ती आमचे बोलणे ऐकत होती. माझे कन्नड मोडके, तिचे हिंदी मोडके. तिने टेबलाच्या खणातून एक शाळकरी वही काढली. त्यात तिने पेन्सिलीने काही नावे लिहिली होती आणि प्रत्येकापुढे शेवटच्या तीन महिन्यांची वजने. या मुलाचे नाव त्यात गेल्याच महिन्यात आले होते. "मेडम, हे मोबाइलमध्ये भरता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून वेगळं लिहिते. यांच्या घरी जायचं असतं. पण वेळ होत नाही." तिच्याकडे जनगणनेपासून मतदार यादीपर्यंत आणखी किती कामे येतात, ते मला ठाऊक होते. त्यांतली काही माझ्यासारख्यांच्याच सह्यांनी येतात.

त्या दिवशी आम्ही केले ते अगदी लहान काम होते. मूल आईबरोबर आमच्या घरी येऊ लागले आणि दोन्ही बाळांची वाटी एकाच पातेल्यातून भरू लागली. रागी घट्ट, त्यात गूळ आणि तूप. दुपारी वरणभात, एक दिवसाआड अंडे. चमचा तिरपा केला तरी ओघळू नये, इतके दाट. अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणारा आहार घरातल्या सगळ्यांत वाटला जात होता; तो त्याच्यासाठी बाजूला राहू लागला. तिच्या येण्याची वेळ सहाची आठ केली, पगार तोच ठेवला. यात उपकार नव्हता. माझ्या लेकीला जे २६ आठवडे कायद्याने मिळाले, त्यांतले थोडेसे आम्ही उशिराने परत केले, एवढेच.

दहाव्या महिन्यात त्याचे वजन ८.२ भरले, अकराव्यात ८.६. रेषा पुन्हा वर वळली. माझी नात ऑगस्टमध्ये वर्षाची झाली, तेव्हा तिचे वजन ७.९ किलो होते, आणि त्या ॲपवरचा आकडा अजूनही १५ च्याच आसपास होता. ती तेव्हा खुर्चीला धरून उभी राहत होती, चालत नव्हती. कोणी रडले नाही.

हा लेख वाचणाऱ्यांत काही जण माझ्यासारखेच सरकारी नोकरीत असतील, आणि त्यांतल्या एखाद्याच्या टेबलावर कधी मासिक गोषवाऱ्याचा नमुना सुधारण्यासाठी येईल. त्याला माझी एकच विनंती आहे. त्यात एक रकाना वाढवावा: गेल्या दोन महिन्यांत वजन न वाढलेली मुले, रंग कोणताही असो. आणि तो रकाना वाढवताना त्या कार्यकर्तीकडचे दुसरे एखादे काम कमी करावे. माहिती आजही गोळा होतेच आहे. फक्त ती एका शाळकरी वहीत, पेन्सिलीने लिहिलेली आहे.